सतराव्या क्रमांकाचं मोल

रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत त्या दिवशी सगळ्यात ताकदवान असलेला रायडर पहिला येतोच असं नाही. शर्यतींच्या निकालाच्या टेबलावर वर्षानुवर्षं काम केल्यावर ज्या काही गोष्टी पक्क्या होतात, त्यांतली ही पहिली. घोळक्यात दुसऱ्याच्या मागे लपून चालवणाऱ्याला, समोरून हवा कापणाऱ्यापेक्षा साधारण तिसरा हिस्सा कमी ताकद लागते. म्हणजे शंभर किलोमीटर पुढे राहून सगळ्यांना ओढत आणणारा मुलगा शेवटच्या दोनशे मीटरमध्ये हरतो आणि दिवसभर मागच्या चाकाला चिकटून बसलेला जिंकतो. त्यात काही गैर नाही, तो या खेळाचाच भाग आहे. पण त्यावर पंक्चरची भर पडते, पुढच्याच्या चाकाला चाक लागून झालेल्या पडझडीची पडते, चौकातल्या स्वयंसेवकाचं लक्ष नसताना मध्ये आलेल्या ट्रॅक्टरची पडते. एका सकाळच्या निकालात कुवतीचा वाटा किती आणि योगाचा किती, हे पहिल्या तिघांचे फोटो निघत असताना कुणालाच सांगता येत नाही. ते हळूहळू कळतं, त्याच मुलांना वेगवेगळ्या रस्त्यांवर पुन्हा पुन्हा पाहिल्यावर. माझं म्हणणं याच अनुभवातून आलेलं आहे: आपल्याकडे रस्ता सायकलिंगला गुणांवर ठरणारी, पूर्ण हंगाम चालणारी एक राष्ट्रीय स्पर्धा हवी. ती नसल्यामुळे चांगली मुलं हातची जात आहेत.

निकाल कसा लागतो ते जवळून पाहिलं की हा मुद्दा नीट समजतो. तीस-चाळीस जणांचा घोळका ताशी पन्नासच्या वेगानं एकदम अंगावर येतो. पुढच्या चाकाचा टायर रेषेच्या पातळीला लागतो तो क्षण मोजायचा असतो. टेबलावर एक जण नंबर ओरडतो, दुसरा लिहितो, तिसरा मोबाईलवर चित्रण करत असतो. पाठीवरचे नंबर घामानं चुरगळलेले असतात, एखाद्याची पिन निघून कागद फडफडत असतो, कुणी हात वर करताना शेजाऱ्याचा नंबर झाकतो. पहिल्या तिघांवर सगळ्यांचे डोळे असतात, सहाव्यापर्यंत चित्रण मागे-पुढे करून क्रम लावतात, दहाव्यापर्यंत बक्षीस असेल तर दहाव्यापर्यंत. त्यापुढे ‘घोळक्यासोबत’ एवढीच नोंद. जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या बहुतेक शर्यतींत सतरावा आलेल्या मुलाचं नाव कागदावर येतच नाही. त्यानं पंक्चर झाल्यावर चाक बदलून पंधरा किलोमीटर एकट्यानं पाठलाग करून घोळका गाठलेला असू शकतो. त्या सकाळी रस्त्यावर झालेली ती सगळ्यात मोठी कामगिरीही असू शकते. पण तिची खूण कुठेच राहत नाही.

आता जागतिक सायकलिंग महासंघाची, म्हणजे युसीआयची, १९८९ ते २००४ या काळात चाललेली रोड वर्ल्ड कप स्पर्धा पाहा. वसंतात मिलान–सान रेमोपासून शरदात लोम्बार्डीपर्यंतच्या एकदिवसीय मोठ्या शर्यतींची ती साखळी होती. तिच्या रूढ झालेल्या कोष्टकात पहिल्याला १००, दुसऱ्याला ७०, तिसऱ्याला ५० आणि चौथ्याला ४० गुण होते. तिथून उतरत उतरत पंचविसाव्याला १ गुण मिळे. सतराव्याला ९. नऊ गुणांनी कुणी विजेता होत नाही, पण ते कागदावर चढतात, पुढच्या शर्यतीपर्यंत टिकतात आणि सप्टेंबरात दोन रायडरांमध्ये आठ गुणांचा फरक असला तर एप्रिलमधला तो सतरावा क्रमांक कामी येतो. अशी स्पर्धा सुरू झाली की पहिला फरक निकालाच्या टेबलावर पडतो. पंचविसाव्यापर्यंत अचूक क्रम लावावाच लागतो, त्यासाठी रेषेवर नीट कॅमेरा लागतो, नंबर वाचता येतील असे छापावे लागतात. आणि शेवटच्या किलोमीटरला आशा सोडून हँडलवरून हात काढणारा मुलगा रेषेपर्यंत जोर लावू लागतो.

ही कल्पना काही नवी नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, युरोपातल्या क्रीडा वृत्तपत्रांनी मिळून देग्रांज–कोलोम्बो चॅलेंज सुरू केलं आणि फ्रान्स, इटली, बेल्जियममधल्या मोठ्या शर्यतींचे गुण एका तक्त्यात आणले. स्वित्झर्लंडच्या फर्डी कुब्लरनं ते तीनदा जिंकलं. त्याच्या जागी आलेल्या सुपर प्रेस्टिज पेर्नो स्पर्धेत एडी मर्क्स १९६९ ते १९७५ अशी सलग सात वर्षं पहिला राहिला. पुढे आयर्लंडचा शॉन केली १९८४ ते १९८६ अशी तीन वर्षं. राष्ट्रीय पातळीवरही हीच रीत आहे. फ्रान्सची कूप द फ्रान्स १९९२ पासून चालू आहे, ब्रिटनमध्ये प्रीमियर कॅलेंडर होतं, ऑस्ट्रेलियात नॅशनल रोड सिरीज आली. यांतल्या अनेक शर्यती छोट्या गावांमधून निघतात. एकेकटी शर्यत म्हणून त्यांना बाहेरगावच्या कुणी विचारलं नसतं. मालिकेचा भाग झाल्या म्हणून देशभरातले संघ तिथे येतात आणि गावाला दरवर्षीची एक तारीख मिळते.

आपल्याकडे चित्र उलटं आहे. महाराष्ट्राला रस्त्यावरच्या शर्यतींची जुनी परंपरा आहे. मुंबई–पुणे शर्यत आणि बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब सायकल न चालवणाऱ्यांनाही माहीत असतो. त्या किताबाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तो एका घाटाचा किताब आहे. नागपूरच्या मुलानं त्याची तयारी कुठे करायची? आमच्याकडे सेमिनरी हिल्सचा चढ आहे, जो श्वास लागण्याआधी संपतो. वर्धा रोड, उमरेड रोड, काटोल रोड, सगळे सपाट. या सपाटीवर तासन् तास एका लयीत चालवणारी, टाइम ट्रायलमध्ये घड्याळाशी झुंजणारी मुलं तयार होतात आणि खोपोलीच्या पुढे कोल्हापूर-साताऱ्याकडची मुलं त्यांना मागे टाकतात. निकाल म्हणतो, नागपूरचा मुलगा कच्चा. खरं तर निकाल एवढंच सांगतो की तो चढावर कच्चा आहे. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत टाइम ट्रायल, मास स्टार्ट असे वेगवेगळे प्रकार असतात हे खरं. पण ती जिथे भरते तिथल्या त्या दोन-चार दिवसांत ज्याला ताप आला, त्याचं वर्ष गेलं.

आणि वर्ष जाणं ही आपल्याकडे नुसती मानाची गोष्ट नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. रेल्वे आणि सेनादलाच्या संघांत जागा मिळाली तर घर चालतं. या सगळ्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर ठरावीक स्पर्धेतला क्रमांक लागतो. त्यामुळे मुलांचं, पालकांचं आणि आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांचंही सगळं लक्ष त्या एका तारखेवर खिळतं. दरवर्षी दिसणारं चित्र असं: कामठी, काटोल, उमरेडकडून सोळा-सतरा वर्षांची मुलं येतात. बरीचशी भारतीय बनावटीच्या साध्या सायकलींच्या गटातून पुढे आलेली असतात, काहींनी दूध किंवा पेपर टाकता टाकता पाय कमावलेले असतात. वर्षभर राबून ती राज्य स्पर्धेला जातात. तिसऱ्या फेरीला कुणी तरी पुढे पडतं, त्याच्यावर चार जण पडतात, त्या चारांत आपला एक असतो. घरी विचारतात, काय मिळालं? दाखवायला काहीच नसतं. पुढच्या तारखेला बारा महिने असतात, मध्ये बारावी असते, वडिलांना हातभार लावायचा असतो. सायकल विकली जाते. कुवत नसलेली मुलं गळाली तर वाईट वाटलं तरी ते समजण्यासारखं आहे. पण कुवत होती की नव्हती हे कळायच्या आतच बहुतेक गळतात. हंगामात सहा शर्यती असत्या तर त्या पडझडीनंतर तीन आठवड्यांनी दुसरी संधी आली असती. हातात बक्षीस नसलं तरी तक्त्यात नाव आणि काही गुण असते. घरच्यांपुढे ठेवायला तेवढं पुरतं.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असतो की गुणपद्धत जिंकण्याची भूक मारते. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण त्याला इतिहासाचा आधार आहे. टूर द फ्रान्स स्वतः १९०५ ते १९१२ अशी आठ वर्षं गुणांवर लढली गेली. १९०४ मध्ये इतकी फसवाफसवी झाली की पहिले चारही जण बाद ठरले आणि शर्यतीवेळी एकोणीस वर्षांच्या असलेल्या आंरी कोर्नेला विजेता करावं लागलं. त्यानंतर आयोजकांनी वेळेऐवजी क्रमांक मोजायला सुरुवात केली. पण १९१२ मध्ये बेल्जियमचा ओडील डेफ्राय गुणांवर जिंकला तेव्हा इतर संघांतल्या बेल्जियन रायडरांनीही त्याला साथ दिल्याची तक्रार झाली. तीन टप्पे जिंकलेला युजीन क्रिस्तोफ मागे राहिला आणि पुढच्याच वर्षी टूर पुन्हा वेळेवर आली. अलीकडचं उदाहरण २००४ च्या वर्ल्ड कपचं. दाविदे रेबेलिननं अॅम्स्टेल आणि लिएज–बास्तोन–लिएज या दोन शर्यती जिंकल्या, पाओलो बेत्तिनीनं त्या मालिकेतली एकही जिंकली नाही, तरी एकूण गुणांत बेत्तिनी पहिला आला. त्याच वर्षी अथेन्सला त्यानं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं, त्यामुळे तो कमी दर्जाचा होता असं कुणी म्हणू शकत नाही. तरीही माझ्या मते त्या तक्त्यात विजयाला हवं तेवढं वजन नव्हतं.

म्हणून आक्षेपाचं उत्तर कोष्टकात शोधायला हवं. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातलं अंतर इतकं ठेवावं की दोन विजयांना चार दुसऱ्या क्रमांकांनी सहज गाठता येऊ नये. गुण बरोबरीत आले तर आधी विजय मोजावेत, मग दुसरे क्रमांक. खालच्या बाजूला मात्र उतार हलका असावा, म्हणजे पंधराव्यातून बाराव्यात येण्यालाही अर्थ राहील. कोष्टक चुकलं की संघ कसे वागतात हे युसीआयच्या अनुभवातून दिसतं. २०२० ते २०२२ या तीन हंगामांच्या गुणांवर वर्ल्ड टूरमधल्या जागा ठरणार होत्या. तेव्हा काही संघ मोठ्या शर्यतीतल्या विजयाऐवजी लहान शर्यतींत चार-पाच जणांना पहिल्या दहात बसवण्याच्या मागे लागले. नंतर प्रत्येक संघाचे दहाऐवजी वीस रायडरांचे गुण धरायला सुरुवात झाली. नियम माणसाचं वागणं घडवतो आणि नियम सुधारता येतो. एकाच दिवसावर सगळं टाकणाऱ्या पद्धतीत मात्र सुधारायला जागाच नसते, कारण योगाला कोष्टक लावता येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि तो मला पहिल्यापेक्षा जड वाटतो. सहा शर्यती म्हणजे सहा प्रवास. सायकलची चाकं काढून, फ्रेमला फोम गुंडाळून, खोक्यात भरून रेल्वेनं न्यायची, एका मुलासोबत एक मोठा माणूस, दोन रात्रींचा मुक्काम. शेतमजुराच्या घरातल्या मुलीला हे वर्षातून एकदा जमतं, तेही वर्गणी काढून. मालिका सुरू झाली आणि ज्यांच्याकडे गाडी आणि कार्बनची सायकल आहे त्यांनीच सगळे गुण लुटले, तर तो अन्याय आजच्यापेक्षा मोठा होईल. यावर दोन उपाय आहेत आणि ते सोबतच करावे लागतील. एक, सहा किंवा आठ शर्यतींपैकी सर्वोत्तम चारांचेच गुण धरायचे, म्हणजे दोन हुकल्या तरी चालेल. दुसरा, पहिल्या फेऱ्या विभागवार ठेवायच्या. विदर्भ, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातल्या मुलांना नागपूर जवळ पडतं, इथे चारही दिशांनी गाड्या येतात. विभागात गुण मिळवलेल्यांना पुढच्या फेऱ्यांचा प्रवासखर्च आयोजकांनी द्यायचा. बक्षिसाची रक्कम कमी केली तरी चालेल. पहिल्याला मोठ्या रकमेचा धनादेश देऊन छायाचित्र चांगलं येतं, पण त्याच रकमेत अनेक मुलांची रेल्वेची तिकिटं निघतात. हा निवडीचा प्रश्न आहे आणि माझी निवड तिकिटांची आहे.

तिसरा आक्षेप आमच्या शहरातूनच येतो. नागपूरला लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली, पुढच्या वर्षी रशियातली नऊ हजार किलोमीटरची ट्रान्स-सायबेरियन. त्यानंतर शहरात ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, चालवणाऱ्यांची संख्या डोळ्यांदेखत वाढली. १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर या हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या राइड ठरलेल्या वेळेत पूर्ण केल्या की सुपर रँडोनियर होता येतं. मग हंगामी स्पर्धा आहेच की, वेगळी कशाला? पण ब्रेव्हे ही शर्यत नाही. तिथे पहिला आणि शेवटचा असा भेदच नसतो, दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे केले की झालं, आणि तिचं सौंदर्य त्यातच आहे. सोळा वर्षांच्या मुलाला घोळक्यात कोपराला कोपर लावून वळण घ्यायला, बाजूच्या वाऱ्यात तिरकी रांग धरायला आणि जोर कधी लावायचा ते ओळखायला ती शिकवत नाही. ब्रेव्हेनं एक मात्र सिद्ध केलं आहे. तारखा वर्षाच्या सुरुवातीला जाहीर असल्या, तर डॉक्टर, दुकानदार, शिक्षक अशी कामाधंद्याची माणसंही त्या तारखांभोवती आपलं वर्ष रचतात.

हंगामाची किंमत नागपूरला पटवून द्यायची गरज खरं तर पडू नये. विदर्भानं रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा जिंकला. रणजीच्या साखळीत निर्णायक विजयाला ६ गुण, अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीला ३. चौथ्या दिवशी खेळपट्टीवर तळाचे फलंदाज तासभर तग धरतात तो एका गुणासाठी, आणि जामठ्याच्या स्टेडियममध्ये बसलेल्याला त्या तासाचं मोल बरोबर कळतं. केरळविरुद्धचा २०२५ मधला अंतिम सामनाही अनिर्णित राहिला होता. करंडक मिळाला तो पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर. क्रिकेटमध्ये धीराचा हिशेब ठेवणारं हे शहर सायकलच्या मुलांचा निवाडा मात्र एका सकाळी करतं.

जगही असाच हिशेब ठेवतं, हे विसरून चालणार नाही. ऑलिंपिकच्या रस्ता शर्यतीतल्या जागा मुख्यतः देशांच्या युसीआय क्रमवारीवर, म्हणजे साठवलेल्या गुणांवर वाटल्या जातात. भारताचे सायकलपटू १९४८, १९५२ आणि १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये उतरले, त्यानंतर नाही. भंडारा जिल्ह्यातल्या मयूरी लुटेनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर भारताचं प्रतिनिधित्व केलं. नागपूरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर ही गुणवत्ता आहे. रस्ता सायकलिंगमध्ये जानेवारी २०२६ च्या पुणे ग्रँड टूरनं युसीआयच्या क्रमवारीत धरली जाणारी पाच दिवसांची शर्यत महाराष्ट्रात आणली. पण तिथे परदेशी संघांसमोर उभे राहणारे आपले रायडर वर्षभर कुठे शर्यती खेळून येणार? सरावानं पाय तयार होतात, शर्यतीतलं डोकं शर्यतीतच तयार होतं.

नागपूरच्या वाट्याला मालिकेतल्या दोन फेऱ्या सहज घेता येतील. एक सपाटीवरची, मनसरमार्गे रामटेकपर्यंत जाऊन परत, जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. कापूस-तुरीच्या उघड्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर बाजूचा वारा सुटला की घोळक्याचे तीन तुकडे होतात आणि लपायला जागा उरत नाही. दुसरी परतवाड्याहून चिखलदऱ्याची, समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटरवर नेणारी, म्हणजे घाटासाठी विदर्भाच्या मुलांना खोपोली गाठायला नको. दोन्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घ्याव्या लागतील, मार्चनंतर इथलं ऊन कोवळ्या मुलांना शर्यतीत उतरवण्याजोगं राहत नाही. समृद्धी महामार्ग डोळ्यांसमोर गुळगुळीत पसरलेला असला तरी तिथे दुचाकीलाही बंदी आहे, तेव्हा मार्ग जुन्याच रस्त्यांवर आखायचा आणि पोलिसांकडे परवानगी सहा महिने आधी मागायची. मुलींची शर्यत पुरुषांच्या मागून उरकून न घेता वेगळ्या वेळी, तेवढ्याच बंद रस्त्यावर आणि तेच गुण देऊन व्हावी. पंचविसाव्यापर्यंतचं निकालपत्रक त्याच संध्याकाळी मराठीत, गावांच्या नावांसकट लागावं, आणि हरकत घ्यायला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत असावी.